पहिली वेबसाइट: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

वेबसाइट कशी आखायची, कशी मांडायची आणि ती नेमकी कुठे बिघडते, याविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या वेळी उत्तरं देत आहोत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

दापोलीजवळ आमचं चार खोल्यांचं घरगुती निवास आहे. वेबसाइट करून देणारे पहिल्याच भेटीत विचारतात, "किती पानं? कोणती थीम? स्लायडर हवा का?" आम्हाला यातलं काहीच ठरवता येत नाही. सुरुवात कुठून करायची?
— निवास चालवणारं कुटुंब, दापोली तालुका

थीम (साइटचा तयार साचा) आणि स्लायडर (आपोआप सरकणारे फोटो) ठरवायला अजून अवकाश आहे. आधी व्हॉट्सअ‍ॅप उघडा. मागच्या हंगामात पाहुण्यांनी जे जे विचारलं, ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. शनिवारचा दर काय? जेवण धरून की वेगळं? सहा वर्षांच्या मुलाचे पैसे पडतात का? समुद्र चालत किती लांब? खेडला रात्री उतरलो तर पुढे कसं यायचं? आंजर्ल्याची कासवं कधी दिसतात? लाइट गेली तर? तोच प्रश्न पुन्हा आला की त्याच्यापुढे एक रेघ मारा. दोन-तीन पानं भरली की सगळ्यात जास्त रेघा कुठल्या प्रश्नांपुढे आहेत ते दिसेल. या प्रश्नांची उत्तरं, रेघांच्या क्रमाने, म्हणजे तुमची वेबसाइट.

आता प्रश्नांचे गठ्ठे करा. चार खोल्यांच्या निवासाला पाच पानं पुरतात: मुखपृष्ठ, खोल्या आणि दर, जेवण, कसे याल, बुकिंग आणि संपर्क. 'आमच्याविषयी' या पानाचा आग्रह बरेच जण धरतात. त्यात सांगण्यासारखं जे असतं ते मुखपृष्ठावर चार ओळींत मावतं. मेन्यूतली नावं साधी ठेवा. 'खोल्या आणि दर' वाचल्यावर आत काय आहे ते कळतं, 'आमचा अनुभव' वाचून कळत नाही.

यानंतर मजकूर लिहायचा, आणि तो डिझाइनच्या आधी लिहायचा. उलट क्रमाने गेलं की काय होतं? डिझाइनमध्ये तीन सारखे चौकोन आखलेले असतात आणि ते भरायचे म्हणून शब्द शोधावे लागतात. 'निसर्गाच्या कुशीत' हे शब्द कोकणातल्या साइटवर इतके दिसतात ते यामुळेच. त्यातून पाहुण्याला काही कळत नाही. 'समुद्र चालत सात मिनिटं, परतताना एक चढ आहे' यातून कळतं, आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला घेऊन येणारा माणूस त्यावरून निर्णय घेतो.

दरांबद्दल आमचं मत ठाम आहे: ते लिहाच. 'दरासाठी फोन करा' असं वाचून बहुतेक जण फोन करत नाहीत, शेजारच्या निवासाची साइट उघडतात. सोमवार ते गुरुवार, शुक्रवार ते रविवार आणि दिवाळी-नाताळच्या सुट्ट्या असे तीन दर द्या. त्याखाली लगेच चार गोष्टी: दरात काय काय आलं, जादा गादीचे किती, कोणत्या वयापर्यंतच्या मुलांचे पैसे नाहीत, आगाऊ रक्कम किती आणि बुकिंग रद्द केलं तर त्यातली किती परत. 'हे दर अमुक तारखेपासून लागू' ही ओळ विसरू नका. तारीख नसलेल्या दरावर विश्वास बसत नाही. तक्ता करायचा असेल तर तीन रकान्यांच्या पुढे जाऊ नका, कारण फोनवर चौथा रकाना पडद्याबाहेर जातो. त्यापेक्षा प्रत्येक खोलीचा स्वतंत्र छोटा भाग करा: फोटो, किती जणांसाठी, दर, बटण.

'कसे याल' या पानावर नुसता नकाशा चिकटवू नका. शेवटच्या दोन-तीन किलोमीटरला नेटवर्क गेलं तर नकाशा उघडत नाही, लिहिलेला रस्ता मात्र स्क्रीनशॉट काढून ठेवता येतो. खेड स्टेशन ते दापोली सुमारे तीस किलोमीटर आहे, पुढे तुमच्या गावापर्यंत एस.टी. कोणती, ती नाही मिळाली तर रिक्षा कुठून, शेवटचा फाटा कोणत्या खुणेवर, हे सगळं शब्दांत लिहा. नकाशावरची खूण स्वतःच्या फाटकावर पडते का, हे दुसऱ्याच्या फोनवरून तपासा. ती मागच्या वाडीत पडत असेल तर पाहुणे रोज शेजाऱ्यांच्या अंगणात गाडी वळवतील.

आता कागद घ्या. ए-फोर कागदाची उभी तिसरी घडी घातली की सात सेंटिमीटर रुंदीची पट्टी मिळते, साधारण फोनच्या पडद्याएवढी. प्रत्येक पानासाठी एक पट्टी, पेन्सिलने नुसते चौकोन: इथे नाव, इथे फोटो, इथे दर, इथे 'फोन करा'. मुखपृष्ठाच्या पट्टीवर पहिल्या पंधरा सेंटिमीटरमध्ये (म्हणजे बोट न हलवता दिसणाऱ्या भागात) चार गोष्टी आल्याच पाहिजेत: निवासाचं नाव, कुठे आहे, दर कितीपासून, आणि फोनचं बटण. स्लायडर काढलात तरच ही जागा सापडेल. तसाही स्लायडरमधला दुसरा-तिसरा फोटो येईपर्यंत माणूस खाली सरकलेला असतो.

पट्ट्या तयार झाल्या की तुमचं निवास कधी न पाहिलेल्या तीन माणसांना द्या आणि विचारा: 'दोन मोठे, एक लहान मूल, शनिवार-रविवार, किती पैसे होतील?' मदत करू नका. बोट कुठे अडतं तेवढं बघा. तिघेही एकाच जागी अडले तर चूक पट्टीत आहे.

हे सगळं घेऊन मग वेबसाइट करणाऱ्याकडे जा. अंदाजपत्रकात डोमेन (साइटचं नाव), होस्टिंग (साइटच्या फायली ठेवायची जागा), डिझाइन आणि वर्षभराची देखभाल यांचे आकडे वेगवेगळे मागा. आणि एक प्रश्न जरूर विचारा: दिवाळीत दर बदलायचे झाले तर ते आम्ही स्वतः बदलू शकू का? उत्तर 'नाही, आम्हाला कळवा' असं आलं तर दर बदलायला किती वेळ आणि किती पैसे, हे लिहून घ्या.

भाच्याने दुकानाची साइट करून दिली. आता तो परदेशी असतो. डोमेन त्याच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर. नूतनीकरणाची मुदत जवळ आली आहे. काय करावं?
— हार्डवेअर दुकानदार, सांगली

तीन गोष्टी वेगळ्या ओळखा. डोमेन म्हणजे नाव, होस्टिंग म्हणजे फायली ठेवायची जागा, आणि तिसऱ्या त्या फायली. होस्टिंग गेलं तर दुसरं घेता येतं, फायलींची प्रत असेल तर साइट पुन्हा उभी राहते. नाव गेलं आणि दुसऱ्याने घेतलं तर पाटी, पावत्या, गाडीवरचा पत्ता सगळं बदलावं लागतं. म्हणून आधी नाव.

मुदत अगदी तोंडावर असेल तर नावाची बदली नंतर करा, आधी भाच्याकडूनच एक वर्षाचं नूतनीकरण करून घ्या. मग ज्याच्याकडून डोमेन घेतलं त्याच विक्रेत्याकडे तुमच्या नावाने खातं उघडा आणि भाच्याच्या खात्यातून डोमेन तुमच्या खात्यात हलवायला सांगा. एकाच विक्रेत्याकडे खातं बदलणं सोपं असतं. विक्रेताच बदलायचा असेल तर डोमेनचं कुलूप काढून सांकेतिक क्रमांक घ्यावा लागतो, शिवाय डॉट-कॉम नावाला नोंदणीनंतरचे पहिले ६० दिवस ते करता येत नाही. मालकाच्या रकान्यात तुमचं किंवा दुकानाचं नाव आलं का, ते शेवटी उघडून बघा. बरेचदा खातं बदलतं आणि मालक जुनाच राहतो.

त्या खात्याला जोडलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेनची मुदत संपली की तो ईमेलही बंद पडतो, आणि पासवर्ड बदलण्याचा दुवा नेमका त्याच पेटीत जातो.

मुदत चुकलीच तर लगेच घाबरायचं कारण नाही, पण रेंगाळूही नका. डॉट-कॉमच्या बाबतीत विक्रेत्यानुसार शून्य ते ४५ दिवसांची सवलत असते, त्यानंतर ३० दिवस जबर आकार भरून नाव सोडवता येतं, मग पाच दिवसांनी ते सर्वांना खुलं होतं. डॉट-इनचे टप्पे विक्रेत्याला विचारून घ्या. नवीन नाव घेताना पहिल्या वर्षाच्या सवलतीकडे बघू नका, दुसऱ्या वर्षापासूनचा दर बघा.

देवनागरीतलं डॉट-भारत नाव घ्यावं का, असं आणखी एका पत्रात विचारलं आहे. जरूर घ्या, पण दुसरं नाव म्हणून, आणि ते मुख्य नावाकडे वळवा. काही अ‍ॅप त्याचं यंत्राला कळणारं लांबलचक रूप दाखवतात आणि लोकांना तो फसवा दुवा वाटतो. देवनागरी नावावरचा ईमेल तर अजून सगळीकडे चालत नाही.

आमच्या सार्वजनिक वाचनालयाकडे जुन्या सूची, अहवाल, दुर्मिळ पुस्तकांच्या नोंदी टाइप केलेल्या आहेत. साइटवर टाकल्या तर काही ठिकाणी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, काही ठिकाणी नीट दिसतं पण शोधून सापडत नाही. मराठी अक्षरंही बारीक आणि चिकटलेली वाटतात.
— ग्रंथपाल, सातारा जिल्हा

इथे तीन वेगवेगळे रोग आहेत.

पहिला: मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, नाही. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला 'क' संगणकाच्या लेखी कुठलंतरी इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतो. फाँट त्यावर मराठी चेहरा चढवतो. तो फाँट वाचकाच्या फोनमध्ये नसला की चेहरा गळून पडतो. उपाय एकच, युनिकोडमध्ये रूपांतर. प्रत्येक जुन्या फाँटची मांडणी वेगळी असल्यामुळे रूपांतरकही त्याच फाँटचा लागतो. रूपांतर झाल्यावर सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान ठरावीक जागा तपासा: ऱ्हस्व वेलांटी (जुन्या फाँटमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप व्हायची), रफार (तो नंतर टाइप व्हायचा), ऋ, ज्ञ, क्ष, आणि 'ऱ्य', 'ऱ्ह'. बहुतेक चुका इथेच दडलेल्या असतात.

दुसरा: युनिकोड आहे, दिसतं, पण सापडत नाही. यामागे दोन कारणं असतात. एक म्हणजे अहवाल स्कॅन करून टाकलेले असतात, ती चित्रं असतात, त्यात अक्षर नसतंच. दुसरं जास्त चकवणारं आहे. 'सुऱ्या', 'वाऱ्यावर' या शब्दांतला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: खाली टिंब असलेला 'ऱ' वापरून, किंवा साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे, संगणकाला मात्र वेगळे. सूची दोन कारकुनांनी दोन कळफलकांवर टाइप केली असेल तर अर्धी पुस्तकं शोधात येणारच नाहीत. सगळ्या फायलींमध्ये एकच रूप ठेवा. शोधा-आणि-बदला या सोयीने ते एका दुपारचं काम आहे. शोधाच्या चौकटीतही वाचकाने टाइप केलेलं दुसरं रूप आपोआप बदलून घ्यायला सांगा.

जिथे मराठीऐवजी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात तिथे डेटाबेसची (साइटचा मजकूर साठतो त्या कोठाराची) अक्षरपद्धत जुनी असते. ती यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) करावी लागेल, आणि डेटाबेस मायएसक्यूएल या प्रकारचा असेल तर त्यातला 'एमबी-४' हा प्रकार निवडा, म्हणजे पुढे इमोजीही अडणार नाहीत. मात्र एकदा प्रश्नचिन्हं होऊन साठवलेला मजकूर परत येत नाही. मूळ फाइलमधूनच पुन्हा भरावा लागतो.

तिसरा रोग मांडणीचा. बहुतेक थीम इंग्रजी अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या असतात. इंग्रजीला १६ पिक्सेल (पडद्यावरचे ठिपके) पुरतात, देवनागरीत वर मात्रा, खाली उकार, आणि मधे जोडाक्षर मावायचं असल्याने मजकूर १८ पिक्सेल ठेवा. ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.७ पट. मथळ्यांना थीम बहुधा १.१ पट देते. तिथे 'र्की', 'त्रैं'सारखी अक्षरं वरून कापली जातात, म्हणून मथळ्यांना किमान १.४. अक्षरांमधलं जादा अंतर शून्य करा, नाहीतर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. तिरपी अक्षरं बंद. जोर द्यायचा तर ठळक करा. दोन्ही कडा जुळवलेला परिच्छेद छापील मासिकात शोभतो, फोनवर शब्दांमध्ये खड्डे पडतात, म्हणून फक्त डावी कड जुळवा. मोठ्या पडद्यावर परिच्छेदाची रुंदी ७०० पिक्सेलच्या आसपास रोखा.

फाँट एकच घ्या, साधा आणि ठळक अशा दोन वजनांत. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटची फाइल मोठी असते. पाच वजनं उतरवत बसलं की पान उघडायला वेळ लागतो. 'मुक्ता' आणि 'नोटो सान्स देवनागरी' दोन्ही मोफत आहेत आणि लहान आकारातही स्वच्छ दिसतात. छापील पुस्तकाचा बाज हवा असेल तर 'तिरो देवनागरी मराठी' पाहा. पानाच्या कोडमध्ये भाषा 'मराठी' अशी नोंदवायला सांगा. थीममध्ये ती बहुधा इंग्रजीच राहून जाते. नोंद बरोबर असेल तर अंध वाचकांचं वाचन-सॉफ्टवेअर मराठी आवाज निवडतं, आणि ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं येतात, हिंदी नाही. वाचनालयाच्या साइटवर तरी मराठी ल असावा, एवढा हट्ट आमचा आहे.

पानांचे पत्ते मात्र रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरी पत्ता चिकटवताना एकेका अक्षराची नऊ चिन्हं होतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टक्के-चिन्हांची न संपणारी माळ जाते. फोन क्रमांक पानावर मराठी आकड्यांत दाखवायला हरकत नाही, पण त्यामागचा दुवा इंग्रजी आकड्यांचा असू द्या, नाहीतर बोट ठेवल्यावर फोन लागणार नाही.

मंडळाची साइट भगव्या रंगात केली. लॅपटॉपवर छान दिसते. बाहेर उन्हात फोनवर काही वाचता येत नाही.
— गणेशोत्सव मंडळाचा कार्यकर्ता, पुणे

भगव्यावर पांढरी अक्षरं आहेत ना? तिरंग्यात नेहमी वापरतात त्या केशरी छटेवर पांढऱ्या अक्षरांचा उठाव (अक्षर आणि मागचा रंग यांतला उजेडाचा फरक) जेमतेम २.१:१ भरतो. वाचनीयतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे साध्या मजकुराला किमान ४.५:१ आणि मोठ्या मथळ्याला ३:१ लागतो. त्याच केशरीवर काळी अक्षरं ठेवली की आकडा ९ च्या पुढे जातो. भगवा पट्टीला, बटणाला, चिन्हाला ठेवा, मजकूर पांढऱ्यावर गडद असू द्या. उठाव मोजणारी मोफत साधनं ऑनलाइन आहेत, दोन रंगांचे क्रमांक टाकले की आकडा मिळतो. फिकट राखाडी अक्षरांचीही तीच गत. थीममध्ये तारखा आणि फोटोओळी हमखास तशाच असतात. बटणं ४८ पिक्सेल उंचीची करा आणि दोन बटणांत ८ पिक्सेल मोकळे सोडा, म्हणजे 'वर्गणी' दाबायला गेलं की 'कार्यक्रम' उघडणार नाही.

साइट उघडायला फार वेळ लागतो. होस्टिंग बदलू का?
— फोटोग्राफर, नाशिक

आधी फोटो बघा. फोनचा एक फोटो ४००० पिक्सेल रुंद आणि तीन ते पाच एमबीचा असतो, पडद्यावर तो ४०० पिक्सेल रुंदीत दिसतो. असे दहा फोटो असतील तर उत्तम होस्टिंगही काही करू शकणार नाही. पानभर दिसणारा फोटो १६०० पिक्सेल रुंद, इतर ८०० ते १०००, वेबपी या फाइल-प्रकारात, दर्जा ७५ ते ८०. एक फोटो २०० केबीच्या आत बसला पाहिजे. 'स्क्वूश' हे मोफत साधन ब्राउझरमध्येच हे करून देतं. पीएनजी प्रकार बोधचिन्हासाठी ठेवा. फोटो पीएनजीत साठवला की फुगतो.

कोडमध्ये प्रत्येक फोटोची रुंदी-उंची लिहिलेली असावी. नसेल तर मजकूर आधी येतो, मग फोटो येऊन त्याला खाली ढकलतो, आणि वाचणाऱ्याचं बोट भलत्याच दुव्यावर पडतं. खालचे फोटो गरजेनुसार उतरवण्याची सोय चालू करा, मात्र सगळ्यात वरच्या फोटोला ती लावू नका, तो उशिरा येईल. ग्राहकाच्या घरी काढलेल्या फोटोंमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. साइटवर टाकण्याआधी ती माहिती पुसा.

मग गूगलच्या 'पेजस्पीड इनसाइट्स'वर मोबाइलचा निकाल बघा. मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा. फोटो आटोपशीर करूनही सर्व्हरचं (साइट ठेवलेल्या संगणकाचं) पहिलं उत्तरच उशिरा येत असेल, तर होस्टिंग बदलायचा विचार करा.

संपर्काचा फॉर्म भरला की 'धन्यवाद' येतं, पण आमच्याकडे ईमेल येत नाही. किती चौकशा बुडाल्या कोण जाणे.
— भाषांतर सेवा चालवणाऱ्या, फोंडा, गोवा

फॉर्म बहुधा असं करतो: ग्राहकाने लिहिलेला त्याचा ईमेल 'पाठवणारा' म्हणून टाकतो आणि तुमच्या होस्टिंगच्या सर्व्हरवरून पत्र पाठवतो. घेणाऱ्या पेटीला दिसतं की पत्रावर पत्ता, समजा, याहूचा आहे आणि ते आलंय भलत्याच सर्व्हरवरून. याहूने तर २०१४ पासूनच अशी पत्रं नाकारायला सांगून ठेवलं आहे. इतर पत्त्यांची अशी पत्रं बहुधा स्पॅममध्ये जातात.

दुरुस्ती अशी. पाठवणारा पत्ता तुमच्याच डोमेनवरचा ठेवा, आणि ग्राहकाचा पत्ता 'उत्तर कोणाला' या रकान्यात घाला. पत्र सर्व्हरच्या अंगभूत सोयीऐवजी लॉगइन करून, एसएमटीपीने (ईमेल पाठवायच्या प्रमाणित पद्धतीने) पाठवा. डोमेनच्या नोंदींमध्ये एसपीएफ (तुमच्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात) आणि डीकेआयएम (पत्रावरची डिजिटल सही तपासायची सोय) या दोन ओळी भरा. त्या ईमेल देणाऱ्या कंपनीकडून मिळतात. एसपीएफची ओळ एकच असावी, दोन झाल्या की दोन्ही निकामी. शिवाय प्रत्येक चौकशी साइटच्या डेटाबेसमध्येही साठवली जाईल असं करा, म्हणजे ईमेल हरवला तरी चौकशी हरवणार नाही. दर महिन्याला एकदा स्वतः फॉर्म भरून बघा, आणि तो जीमेल व याहू दोन्ही पत्त्यांवरून भरा.

रकाने कमी करा: नाव, फोन किंवा ईमेल, काम काय. बटणाखाली एक ओळ लिहा की हा क्रमांक फक्त चौकशीच्या उत्तरासाठी वापरू. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे, माहिती कशासाठी घेता ते आधी सांगा. व्हॉट्सअ‍ॅपचा दुवा देणार असाल तर क्रमांक ९१ ने सुरू करा. अधिक-चिन्ह, शून्य, मोकळी जागा किंवा रेघ घातली तर दुवा उघडत नाही.

मसाले आणि लोणची ऑनलाइन विकायची आहेत. दुकानासारखी पूर्ण साइट हवी का?
— गृहउद्योग, कोल्हापूर

दहा-बारा वस्तू असतील तर सुरुवातीला नको. वस्तूंचं एक पान, प्रत्येकीखाली व्हॉट्सअ‍ॅपचं बटण आणि यूपीआय पुरेसं आहे. रोजच्या ऑर्डर वहीत सांभाळता येईनाशा झाल्या की पेमेंट गेटवे (साइटवरच ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा) घ्या. ती देणाऱ्या कंपन्या मंजुरीआधी साइट तपासतात. परतावा, पाठवणी, गोपनीयता आणि अटी यांची पानं व खरा पत्ता नसेल तर अर्ज परत येतो. हे मजकूर दुसऱ्याच्या साइटवरून उचलू नका, त्यात त्याच्याच कंपनीचं नाव राहून जातं आणि ते तपासणाऱ्याला लगेच दिसतं.

प्रत्येक वस्तूपाशी निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि कोणत्या देशात बनलं हे लिहावं लागतं. खाद्यपदार्थ असल्याने एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांकही ठेवा. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव द्यायचं असतं, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात. घरगुती धंद्यात तो अधिकारी म्हणजे तुम्हीच, पण नाव लिहा. आणि तेलाची गळती कोणाच्या माथी, हे पाठवणीच्या पानावर स्पष्ट असू द्या. लोणच्याच्या धंद्यात भांडणं त्यावरूनच होतात.

साइट होऊन तीन महिने झाले, गूगलवर नाव टाकलं तरी दिसत नाही.
— फिजिओथेरपिस्ट, अकोला

साइट वर्डप्रेसवर (साइट चालवायच्या मोफत सॉफ्टवेअरवर) असेल तर आधी सेटिंग्जमधलं 'रीडिंग' उघडा. 'शोधयंत्रांना मज्जाव करा' अशा अर्थाची एक चौकट तिथे असते. साइट तयार होत असताना तिच्यात टिक केलेली असते आणि नंतर काढायची राहते. ती रिकामी करा, गूगलच्या 'सर्च कन्सोल'मध्ये साइटची नोंद करून साइटमॅप (सगळ्या पानांची यादी) द्या आणि काही दिवस वाट बघा. प्रत्येक पानाचं शीर्षक वेगळं हवं, साठेक अक्षरांत, त्यात काम आणि गाव दोन्ही. सगळ्या पानांचं शीर्षक 'होम' असेल तर गूगलने काय ओळखायचं?

दवाखान्यासाठी मात्र साइटइतकीच गूगलची व्यवसाय-नोंद महत्त्वाची. पडताळणीला बहुधा व्हिडिओ मागतात: रस्ता, पाटी, आतली जागा सलग दाखवा. नाव, पत्ता, वेळ साइटवर आणि नोंदीत अगदी सारखी ठेवा. 'पहिल्या क्रमांकावर आणून देतो' अशी हमी कोणी दिली तर त्याला पैसे देऊ नका.

कोडिंग न शिकता साइट करावी की शिकून? कोणतं साधन?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, नांदेड

साइट किती वेळा बदलणार त्यावर ठरवा. वर्षातून दोनदा बदलणाऱ्या पाच पानांना हाताने लिहिलेलं एचटीएमएल (पानाचा कोड) उत्तम: बिघडत नाही, हॅक होणं अवघड, होस्टिंग मोफतही मिळतं. महिन्याला नवीन मजकूर येणार असेल तर वर्डप्रेस. ओढून-सोडून पान करणारी साधनं सगळ्यात सोपी, पण सोडून जाताना बहुधा फक्त मजकूर बरोबर येतो, डिझाइन तिथेच राहतं.

वर्डप्रेसमध्ये प्लगइन (वरून जोडायच्या सोयी) मोजकेच ठेवा आणि अद्ययावत ठेवा, कारण हल्लेखोर बहुतेक वेळा जुन्या प्लगइनमधूनच शिरतात. विकतची थीम फुकट देणाऱ्या साइटवरून काहीही उतरवू नका, त्यात चोरवाट पेरलेली असू शकते. प्रत जतन कराल ती त्याच सर्व्हरवर नको, आणि एकदा ती प्रत वापरून साइट पुन्हा उभी करून बघा. तोवर प्रत आहे असं धरू नका. तरीही एक महिना एचटीएमएल आणि सीएसएस (पानाचं रंगरूप ठरवणारा कोड) यांना द्या. साधन कुठलंही घेतलं तरी ते बिघडल्यावर कुठे बघायचं ते कळेल.

परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाची साइट दोन्ही भाषांत हवी आहे. आपोआप भाषांतराचं बटण चालेल का?
— मंडळाच्या स्वयंसेवक, ऑस्ट्रेलिया

नको. यंत्र कधी 'हळदीकुंकू'चा मसाला करेल, सांगता येत नाही. प्रत्येक भाषेचं स्वतंत्र पान, स्वतंत्र पत्ता ठेवा आणि ही एकाच मजकुराची दोन रूपं आहेत असं कोडमध्ये नोंदवा. भाषा बदलायच्या जागी झेंडे लावू नका, भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहा.

सगळं भाषांतर करायची शपथ घेऊ नका. सभासदत्व, कार्यक्रम, मराठी शाळा आणि संपर्क ही चार पानं दोन्हींत असू द्या, इतिवृत्त आणि अंक मराठीतच. गणेशोत्सवाला एकच कायमचा पत्ता ठेवून दर वर्षी तेच पान अद्ययावत करा, म्हणजे जुन्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशातला दुवाही चालू राहतो. मागच्या वर्षीचे फोटो वेगळ्या पानावर हलवा. तारखेबरोबर वार, साल आणि कोणत्या शहराची वेळ तेही लिहा. सिडनी आणि मेलबर्नला उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे जातं, ब्रिस्बेनला जात नाही, त्यामुळे दिवाळीच्या ऑनलाइन कार्यक्रमाला नुसतं 'संध्याकाळी ७' लिहिलंत तर ब्रिस्बेनची मंडळी तासभर उशिरा पोहोचतील.